फाल्गुनात सात दिवसांची डोंगरफेरी : रतनगड, कात्राबाई, हरिश्चंद्रगड, घनचक्कर

वाटसरू_ठाणे

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं (दोन बायका, दोन पुरुष, वयं ३२ ते ४७) होळीच्या आसपास सलग सात दिवस पाठीवर सॅक घेऊन अकोले तालुक्यात फिरायचं म्हणतोय. एकेक गड सगळ्यांचा झालाय. आता वाहनानं पायथा गाठून दोन दिवसांत परत यायचं नाही. जिथून निघू तिथंच चालत परत यायचं, अशी फेरी मनात आहे.

कच्चा आराखडा असा : बारीहून कळसूबाई, तिथून अलंग-मदन-कुलंग, मग घाटघर-साम्रद, रतनगड, कात्राबाई खिंडीतून कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड, आणि परतताना शिरपुंज्याचा भैरवगड करून घनचक्कर-गवळदेवाच्या धारेनं पुन्हा भंडारदऱ्याकडे.

प्रश्न तीन. सात दिवसांत हे बसेल का? मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात वाटेवर पाणी मिळेल का? आणि तंबू-शिधा सगळं वाहून न्यावं की गावांवर भिस्त ठेवावी? सुट्टी याच दिवसांत मिळतेय, त्यामुळे "डिसेंबरात जा" हे उत्तर सोडून बाकी सगळं सांगा.

फडताळ

मार्चमध्ये सात दिवस सुट्टी! कुठल्या खात्यात आहात? आमच्याकडे जागा आहे का विचारायला येतो.

निशिगंध

आणि चौघांपैकी कुणाच्याच घरात दहावी-बारावी नाही म्हणजे ग्रह उत्तम आहेत. निघाच.

कातळधार

आराखडा बघितला. सरळ सांगतो, यात दोन वेगवेगळे ट्रेक एकमेकांना शिवलेत. अलंग आणि मदनला दोर लागतो, कातळारोहणाचं सामान लागतं आणि ते हाताळणारी माणसं लागतात. एकट्या कुलंगला दोर लागत नाही, पण त्याची चढाई अंगावर येणारी आहे आणि तुमच्या पाठीवर आठवड्याचं ओझं असणार. हे त्रिकूट स्वतंत्रपणे, हलक्या सॅकनं, दोन-तीन दिवस काढून करायचं असतं. कळसूबाईही (१६४६ मीटर) बारीहून एका दिवसात करून येण्यासारखं आहे, त्याला फेरीत कोंबायची गरज नाही.

हे काढलंत की उरतं ते मुळा नदीचं खोरं. तीच खरी फेरी आहे. रतनगडाहून दक्षिणेला कात्राबाई खिंड, खाली कुमशेत, पुढे पाचनई, हरिश्चंद्रगड, आणि उत्तरेच्या बाजूला शिरपुंजे ते गवळदेव ही धार. मधे मुळेचं पात्र आणि चारी बाजूंनी डोंगर. नकाशा उघडून बघा, हे खोरं स्वतःच गोल आहे.

घाटवाट

कातळधारशी सहमत, फक्त एक भर. पाचनईच्या आसपास असताना साधले घाटानं खाली बेलपाड्याला उतरायचा मोह होईल. कुमशेतहून पाथरा घाटानं आजोबा डोंगराच्या पायथ्याकडे जायचाही होईल. मी या वाटांचा वेडा आहे आणि तरीही सांगतो, मार्चमध्ये सॅक घेऊन कोकणात उतरू नका. कड्याच्या खाली उतरलात की वारा संपतो. दुपारी तो कातळ तापून जी धग टाकतो तिच्यात पुन्हा घाट चढून वर यायचं म्हणजे पाणी, ताकद, वेळ तिन्ही जातं. फेरी घाटमाथ्यावरच ठेवा.

वाटसरू_ठाणे

कातळधार, घाटवाट, आभार. त्रिकूट आणि कळसूबाई काढले. मन थोडं खट्टू झालं, पण मुळा खोऱ्याची कल्पना मनापासून आवडली. आता पाण्याचं बोला.

अण्णा_नाशिक

पाण्याचं मी बोलतो. या भागात माझी पायपीट तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या जन्माआधीपासूनची आहे.

घाटघर-रतनवाडीचा पट्टा म्हणजे महाराष्ट्रात सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या जागांपैकी एक. त्यामुळे शहरातला माणूस समजतो की इथं पाणीच पाणी असणार. पण हा सगळा काळा कातळ आहे. पाऊस पडतो आणि वाहून जातो. दिवाळीपर्यंत ओढे गातात, संक्रांतीला कुजबुजतात, होळीला गप्प होतात. मार्चमध्ये ओढ्यावर विसंबून पल्ला आखायचा नाही. भरवसा ठेवायचा तो तीनच गोष्टींवर : गडावरची कातळात खोदलेली टाकी, गावातली विहीर, गावातला हातपंप.

रतनगडावर टाकी भरपूर, त्यातलं पिण्याजोगं कुठलं ते रतनवाडीत विचारून घ्या. हरिश्चंद्रगडावर देवळाजवळच्या टाक्यातलं पाणी प्यायला चालतं. केदारेश्वराच्या गुहेतलं पाणी बघून नमस्कार करायचा, ते प्यायचं नाही. भैरवगडावर टाकी आहेत. आणि या सगळ्यांच्या मधे जे आहे ते कोरडं समजायचं. रतनगडाच्या शिडीखाली जंगलात जो फाटा कात्राबाईकडे जातो, तिथून कुमशेतचं पहिलं घर येईपर्यंत पाठीवरचंच पाणी.

म्हणून माझा आग्रह असा की फेरी गडांवरून आखू नका, पाण्यावरून आखा. आधी कागदावर खात्रीच्या पाण्याच्या जागा मांडा, मग त्या रेषेनं जोडा. गड वाटेत आपोआप येतात. आपल्या पूर्वजांनी तरी दुसरं काय केलं? टाकं खोदता येईल असा कातळ पाहूनच गड वसवले ना!

शिदोरी

अण्णा, हे वहीत लिहून ठेवलं.

पाण्याच्या वजनाचा हिशेब सांगते, कारण तो हमखास विसरला जातो. एक लिटर म्हणजे एक किलो. या दिवसांत चालताना माणशी चार-पाच लिटर धरायला हवं, म्हणजे कात्राबाईच्या दिवशी सकाळी प्रत्येकाच्या पाठीवर नुसतं पाणीच पाच किलो. त्यावर तंबू, स्टोव्ह, सात दिवसांचा शिधा चढवला तर खिंड चढताना गुडघे बोलायला लागतील. त्यामुळे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर : शिधा वाहू नका. रतनवाडी, कुमशेत, पाचनई, शिरपुंजे, सगळीकडे घरात जेवण मिळतं. फक्त आदल्या दिवशी फोन करून सांगा. ऐनवेळी चौघं दारात उभे राहिलात तर त्या बाईची पळापळ होते.

पाठीवर फक्त दुपारचं खाणं : दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की. सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवून घेतलं तर चूल लागत नाही आणि उन्हात जडही होत नाही. दशम्या दोन दिवसांच्याच घ्या, पुढं कुमशेतच्या घरातून सकाळी भाकरी बांधून मिळेल. लिंबू, मीठ, साखर हाताशी ठेवा. भर उन्हात नुसतं पाणी ढोसत राहिलं तरी माणूस गळतो, घामावाटे गेलेलं मीठ परत द्यावं लागतं.

सिअॅटलकर

वाचताना फार मजा येतेय. आमच्याकडे कॅस्केड पर्वतात मार्चमध्ये उंचावरच्या वाटा अजून बर्फाखाली असतात, बऱ्याच तर जुलैपर्यंत मोकळ्या होत नाहीत. इथं पाणी हवं तेवढं, चिंता असते ओलं होऊन गारठण्याची. तुमच्याकडे नेमकं उलटं.

पण इथली एक सवय तुमच्या उपयोगाची आहे. लांबच्या वाटेवर लोक मधल्या मुक्कामी खाण्याचं पुडकं आधीच पोचवून ठेवतात. तुम्हीही आधीच्या एखाद्या शनिवारी पाचनईत जाऊन ज्या घरी उतरणार तिथं दुसऱ्या टप्प्याचा सुका खाऊ, धुतलेले मोजे, औषधांचा दुसरा संच ठेवून आलात तर पहिले चार दिवस सॅक बरीच हलकी राहील. शिवाय वाट आणि विहीर डोळ्यांनी बघून होईल.

चांदणी

होळीच्या आधीचा आठवडा धरा ना! शुद्ध पक्ष असतो, रोज चंद्र वाढता, गडावर चांदण्यात बसायला मिळेल. महाशिवरात्रीची हरिश्चंद्रगडावरची आणि रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळातली गर्दीही तोवर ओसरलेली असते.

घाटवाट

चांदणी, चांदण्यात बसायचं असेल तर शुद्ध पक्ष छान. पण यांना चालायचंय, आणि मार्चमध्ये चालायचं ते पहाटे. शुद्ध पक्षातला चंद्र संध्याकाळी डोक्यावर असतो आणि पहाटेच्या आधीच मावळतो, साडेचारला वाट काळोखी. होळी पौर्णिमेनंतर वद्य पक्षात तो रात्री उशिरा उगवतो आणि पहाटे आकाशात असतो. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी निघून वद्य सप्तमी-अष्टमीपर्यंत फिरलात तर रोज साडेचार-पाचला चंद्राच्या उजेडात निघता येईल. दहा-साडेदहाला दिवसाची मोठी चढण संपलेली हवी. अकरा ते साडेतीन झाडाखाली किंवा घराच्या पडवीत. मग उरलेलं तासा-दीड तासाचं चालणं.

चांदणी

हे लक्षातच आलं नव्हतं. मग होळीनंतरच!

राजूरकर

मी इथलाच, राजूरच्या पलीकडं डोंगराकडच्या गावातला. सगळं वाचलं. लोकांनी चांगली माहिती दिली आहे. दोन गोष्टी माझ्याकडून.

पहिली, होळी. आमच्याकडं होळी म्हणजे मोठा सण. बाहेर कामाला गेलेली माणसं गावी येतात. त्या दोन-तीन दिवसांत कुणी वाट दाखवायला येईल अशी आशा धरू नका आणि जेवणासाठी घाई करू नका. सणाच्या दिवशी आलातच तर पाहुणे म्हणून या, बसा, होळीला नारळ द्या. धुळवडीनंतर माणसं मोकळी होतात. तेव्हाच मोहाची फुलं पडायला लागतात आणि बाळहिरडा गोळा करायची धांदल असते. बायामाणसं पहाटेच रानात जातात. म्हणजे तुम्ही पहाटे चालणार तेव्हा रानात तुम्ही एकटे नसाल. वाट चुकली तर हाक मारा, कुणीतरी ओ देईल.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ही मनाला लावून घ्या. अण्णांनी गावची विहीर सांगितली ते खरं. पण मार्चमध्ये त्या विहिरीचा तळ दिसायला लागलेला असतो. आमच्या बाया डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन पाणी आणतात. एप्रिल-मेमध्ये काही वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. एवढा पाऊस पडणारा मुलूख, खाली १९२६ साली बांधून झालेलं भंडारदऱ्याचं धरण, आणि डोंगरावरच्या वाडीत हंडाभर पाण्यासाठी पायपीट. शहरातले ट्रेकर येतात, पाणी मागतात, कुणी नाही म्हणत नाही, ती आमची रीत आहे. पण त्याच पाण्यानं चूळ भरून, तोंड धुऊन, बाटल्या विसळून ओततात तेव्हा आतली बाई काही बोलत नाही, मात्र बघत असते. घरातलं पाणी प्यायला घ्या. धुण्याला, आंघोळीला नको. शक्य असेल तर स्वतः शेंदून आणा, त्या घरासाठीही एक हंडा आणा. आणि पाणी फुकट मिळालं तरी जेवणाचे पैसे नीट द्या, घासाघीस करू नका.

शिदोरी

राजूरकर, हे या धाग्यावरचं सगळ्यात महत्त्वाचं लिहिलंत. पुढच्या वेळी आमच्या गटाला आधी हे वाचायला देणार.

वाटसरू_ठाणे

राजूरकर, मनापासून आभार. हंडा आणायचं चौघांनी ठरवलंय. कपडे तीन जोड, ओल्या फडक्यानं अंग पुसायचं, आंघोळ थेट घरी. तुमच्या भागात वणवे आणि मधमाश्या यांची भीती कितपत?

डॉ_सह्य

मधमाश्यांचं मी सांगते. ही भीती गंभीरपणे घ्या.

आग्या मोहोळ उंच कड्यांच्या कपारीत, गुहांच्या तोंडाशी, मोठ्या झाडांना असतं. रानात फुलोरा आला की त्यांची वर्दळ वाढते, आणि तुम्ही नेमके त्याच दिवसांत जाताय. अत्तर, डिओ, सुगंधी तेल काही लावू नका. गुहेजवळ किंवा कड्याखाली धूर करू नका, बिडी-सिगारेटसुद्धा नाही. मोहोळ दिसलं तर आवाज न करता लांबून निघून जा, फोटोसाठी थांबू नका.

हल्ला झालाच तर हात झाडत उभं राहू नका. तोंड-डोकं कापडानं झाकून पळा, दाट झुडपात किंवा बंद घरात शिरा. एक माशी चावली की काट्यातून जो वास सुटतो त्यानं बाकीच्या त्याच माणसाकडे येतात, म्हणून त्या जागेपासून दूर जाणं पहिलं काम. सुरक्षित जागी पोचल्यावर काटे लगेच खरवडून काढा. ओठ-जीभ सुजणं, धाप लागणं, अंगभर गांध्या, चक्कर यांतलं काहीही दिसलं तर तो माणूस तासन्‌तास वाट बघत बसण्यातला नाही. १०८ ला फोन, आणि मिळेल त्या वाहनानं दवाखान्यात. ज्यांना आधी कधी माशी चावून त्रास झालाय त्यांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना भेटून ॲड्रेनालिनच्या इंजेक्शनबद्दल विचारावं आणि ते बरोबर असेल तर कुठल्या कप्प्यात आहे हे चौघांनाही माहीत असावं.

उन्हाचा झटका ओळखायला शिका. चिडचिड, असंबद्ध बोलणं, तापलेलं अंग, ही लक्षणं दिसली की त्याला सावलीत निजवा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि माणूस खाली न्यायची तयारी करा. तेव्हा पाणी राखून ठेवायचा विचार करू नका.

कातळधार

वणव्याचं माझ्याकडून. या दिवसांत गवत कडकडीत वाळलेलं असतं, एक ठिणगी पुरते. काही ठिकाणी गवत मुद्दाम पेटवलंही जातं. आग चढावर वेगानं धावते, त्यामुळे खालून धूर येताना दिसला तर वर पळू नका, ती तुमच्यापेक्षा आधी वर पोचते. आडवं कापून उघड्या कातळावर किंवा आधीच जळून काळ्या झालेल्या पट्ट्यावर जा. कारवीच्या वाळक्या रानात तर थांबूच नका. घनचक्करच्या धारेवर निघण्याआधी शिरपुंज्यातून नीट नजर टाका, कुठं धूर दिसला तर तो दिवस खाली काढा.

आणि वाळक्या गवताचा दुसरा ताप म्हणजे पाय घसरणं. पावसाळ्यात चिखल घसरवतो, मार्चमध्ये गवत आणि घसारा, म्हणजे उतारावरची सुटी माती-खडी. उतरताना काठी हवी, बुटाचे तळवे झिजलेले नकोत.

निशिगंध

सगळे भीतीच घालताय त्यांना! थोडं सुंदरही सांगा कुणीतरी. मी सांगते. काटेसावर लाल-गुलाबी, पळस पेटलेला, पांगारा तर नुसता लालभडक, आणि त्या प्रत्येकावर साळुंक्या, बुलबुल, कोतवाल यांची शाळा भरलेली. कुसुंबाची कोवळी पालवी फुलांपेक्षा लाल. करवंदीला पांढरी फुलं, पहाटे तिच्याजवळून गेलात की वास पाठीमागून येतो. नशीब असेल तर अंजनाची खोडं जांभळ्या-निळ्या फुलांनी मढलेली दिसतील. पावसाळ्यात हे डोंगर नुसते हिरवे असतात. फाल्गुनात प्रत्येक झाड वेगळं ओळखू येतं. मला तर हाच मोसम आवडतो, आणि गर्दी नसते हे वेगळंच.

घाटवाट

निशिगंध, अगदी. शिवाय कोकणकड्याची खरी आकृती याच दिवसांत दिसते, धुकं नसतं. इंद्रवज्र, म्हणजे ते गोल इंद्रधनुष्य, मात्र विसरा, त्याला खाली ढग लागतात. इंग्रजांच्या काळात कर्नल साइक्सला ते दिसलं, तुम्हाला दिसणार नाही. सूर्यास्त मात्र भरभरून बघा.

फडताळ

तंबूचा प्रश्न राहिलाच. मी तंबूच्या बाजूनं. घरात राहिलं की गप्पा, टीव्ही, चार्जिंग. डोंगरात आलोय तर डोंगरात झोपावं.

कातळधार

हा सगळा टापू १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. प्रवेशशुल्क आहे, आग पेटवायला बंदी आहे, आणि कुठं मुक्काम चालेल याचे नियम आहेत. निघण्याआधी राजूर किंवा भंडारदऱ्याच्या वन कार्यालयात आपला सगळा मार्ग सांगा आणि ते म्हणतील तसं करा. तंबू कोकणकड्याच्या टोकाशी तर कधीच नाही, रात्री वारा कसा फिरेल सांगता येत नाही. एकच हलका दोन माणसांचा तंबू आणि दोन साध्या चटया-चादरी पुरतील. मार्चच्या सुरुवातीला पहाटे गारठा असतो, पण जाड स्लीपिंग बॅगची गरज नाही.

मुक्ता_को

बायकांच्या बाजूनं दोन ओळी. सात दिवसांत पाळी येऊ शकते. वापरलेलं सगळं घट्ट पिशवीत परत आणायचं, रानात पुरायचं नाही, जनावरं उकरतात. कप वापरत असाल तर तो धुण्यासाठी बाटलीभर स्वच्छ पाणी वेगळं धरा, शिदोरीच्या हिशेबात ते आलेलं नाही. आणि सकाळी रानात जाताना टाक्यापासून, विहिरीपासून, ओढ्याच्या कोरड्या पात्रापासूनसुद्धा लांब जायचं. आज कोरडं असलं तरी जूनमध्ये तेच पाणी खाली गावात जातं.

शिदोरी

बरोबर, मुक्ता. त्या दोघींसाठी अर्धा लिटर वाढवा.

वाटसरू_ठाणे

सगळं वाचून चौघांनी बसून नवा आराखडा केला. बघा.

पहिला दिवस : गाडी राजूरला ठेवायची. शेंडीमार्गे रतनवाडी, अमृतेश्वराचं देऊळ, मुक्काम.
दुसरा : पहाटे रतनगड, नेढं (कातळातलं आरपार भोक), दुपार वर गुहेत, संध्याकाळी परत रतनवाडी.
तिसरा : रतनवाडीहून पहाटे, फाट्यावरून कात्राबाई खिंड, कुमशेत. सर्वांत मोठा पल्ला, पाणी माणशी पाच लिटर.
चौथा : कुमशेत ते पाचनई, सकाळीच पोचायचं, बाकी दिवस विश्रांती.
पाचवा : हरिश्चंद्रगड, तारामती, कोकणकडा. मुक्काम वर की खाली ते वन कार्यालय सांगेल तसं.
सहावा : पाचनईहून आंबीतच्या धरणाकडून शिरपुंजे.
सातवा : भैरवगड, आणि तिथून घनचक्कर-गवळदेवाच्या धारेनं रतनवाडीच्या बाजूला उतरून फेरी पूर्ण.

सातव्या दिवसाबद्दल मन साशंक आहे.

अण्णा_नाशिक

सहा दिवस छान. पाण्याच्या जागा जोडून काढलेत हे दिसतंय. सातवा मात्र डोंगर ठरवेल, तुम्ही नाही. घनचक्कर आणि गवळदेव दोन्ही पंधराशे मीटरच्या वर, धार उघडी, सावली नाही, आणि भैरवगडाची टाकी सोडली की पाण्याचा भरवसा नाही. सहा दिवसांच्या थकल्या पायांनी, त्याच रात्री ठाण्याला पोचायच्या घाईत तिथं जाणं मला पटत नाही. घाई असलेला माणूस धारेवर नको.

घाटवाट

मग फेरी पूर्ण कशी होणार? चालत सुरुवात तिथंच चालत शेवट, हेच तर त्यांनी मागितलंय. शिरपुंज्याहून एसटी पकडली तर तो अर्धा गोल. मी म्हणतो धार आधी करा. ताज्या पायांनी पहिल्या दोन दिवसांत शिरपुंजे ते कुमशेत, वाट दाखवायला गावातला माणूस घेऊन. मग तिथून पुढे.

राजूरकर

घाटवाट भाऊ, तुम्ही म्हणता तशी धार पहिल्यांदा होऊ शकते. पण होळी झाल्या झाल्या दुसऱ्या दिवशी शिरपुंज्यात वाट दाखवायला माणूस मिळणं अवघड. आठवड्यानं सहज मिळेल. आणि त्या धारेवर मोबाईलमधल्या रेषेवर जाऊ नका. या दिवसांत गुरं चारा शोधत सगळीकडं फिरतात, ढोरवाटा इतक्या होतात की खरी वाट कुठली ते आम्हालाही थांबून बघावं लागतं. गवळदेवापलीकडं उतरायचं असेल तर माणूस पाहिजेच.

माझं ऐकाल तर सातव्या दिवशी पहाटे हलक्या सॅकनं भैरवगड आणि घनचक्कर करा, सॅका शिरपुंज्यात ठेवा, ऊन चढायच्या आत परत या. गाडी राजूरलाच आहे, म्हणजे राजूर ते राजूर झालंच की. गवळदेव दिवाळीनंतर या, मी स्वतः येतो बरोबर.

घाटवाट

मला अजूनही तो अर्धा गोलच वाटतो. पण होळीनंतरच्या माणसांचा मुद्दा मान्य.

फडताळ

राजूर ते राजूर म्हणजे पूर्ण गोल. पोस्टमन असाच मोजतो.

डॉ_सह्य

एक राहिलं. घरच्यांपैकी एकाकडे हा आराखडा मुक्कामाच्या घरांच्या फोन नंबरांसह लिहून द्या. कुठल्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला विचारायचं हेही लिहा. कात्राबाईच्या दिवशी रेंज मिळेल असं धरू नका.

वाटसरू_ठाणे

ठरलं. सातवा दिवस राजूरकर म्हणतात तसा. गवळदेवाची धार नोव्हेंबरात, तेव्हा घाटवाट यांनीही यावं हे आमचं आमंत्रण. पुढच्या शनिवारी आम्ही दोघं पाचनईला पुडकं ठेवायला आणि विहीर बघायला जातोय. वन कार्यालयातही त्याच दिवशी जाऊन येऊ. राजूरकर, शिरपुंज्यात उतरण्यासाठी एखादं घर आणि धारेवर येणारा माणूस सुचवाल का? निरोप पाठवला आहे. आणि शनिवारी राजूरहून पाचनईला सकाळची एसटी किती वाजता सुटते?

राजूरकर

निरोप मिळाला, माणूस बघून ठेवतो. एसटीची वेळ परीक्षांच्या दिवसांत बदलते, आगारात विचारून शुक्रवारी इथंच लिहितो. शनिवारी येताना पाचनईच्या शाळेतल्या पोरांसाठी वह्या आणता आल्या तर आणा. चिक्की-चॉकलेट नको, कागद रानात पडतात.

वाटसरू_ठाणे

वह्या आणि पेन्सिली दोन्ही आणतो. शुक्रवारी इथं बघतो.